जन्माच्या जागेचा हक्क

अध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी, २० जानेवारी २०२५ रोजी, डोनाल्ड ट्रम्प यांनी ज्या आदेशांवर सह्या केल्या त्यांत १४१६० क्रमांकाचा एक आदेश होता. अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेल्या कोणत्या मुलांना यापुढे नागरिक मानायचं नाही, हे त्यात सांगितलं होतं. आपल्याकडे अनेकांनी ती बातमी ‘बेकायदा घुसलेल्यांच्या मुलांना नागरिकत्व नाही’ एवढीच वाचली. तो आदेशाचा पहिला भाग. दुसरा भाग असा, की आई कायदेशीरपणे पण तात्पुरत्या परवान्यावर अमेरिकेत असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर त्यांच्या बाळालाही जन्मानं नागरिकत्व मिळणार नाही. विद्यार्थ्याचा व्हिसा तात्पुरता, पर्यटकाचा तात्पुरता आणि नोकरीसाठीचा एच-वन-बी व्हिसासुद्धा कागदोपत्री तात्पुरताच. म्हणजे पुण्याहून किंवा नाशिकहून गेलेलं, दोघंही नोकरी करणारं, वर्षानुवर्षं कर भरणारं जोडपं या दुसऱ्या भागात बरोबर बसतं.

हा आदेश ज्या वाक्याला जाऊन भिडतो ते अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतलं पहिलंच वाक्य आहे. अमेरिकेत जन्मलेल्या किंवा रीतसर नागरिकत्व घेतलेल्या, आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्या सर्व व्यक्ती अमेरिकेच्या आणि त्या राहतात त्या राज्याच्या नागरिक आहेत, असं ते सांगतं. त्यात आईवडिलांचा उल्लेख नाही. वंशाचा नाही, धर्माचा नाही. हे वाक्य इतकं मोकळं का ठेवलं गेलं, ते कळायचं तर १८५७ सालापर्यंत मागं जावं लागतं.

ड्रेड स्कॉट हा मिसुरीतला एक गुलाम. मालकाबरोबर तो इलिनॉय राज्यात आणि विस्कॉन्सिन प्रदेशात राहून आला होता, आणि तिथं गुलामगिरीला बंदी होती. त्या आधारावर त्यानं स्वातंत्र्यासाठी दावा लावला. ६ मार्च १८५७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी लिहिलं, की गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे वंशज, मग ते गुलाम असोत की स्वतंत्र, घटनेच्या अर्थानं अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. त्यामुळं संघराज्याच्या न्यायालयाचं दार ठोठावण्याचा हक्कही त्यांना नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत जन्मलेली लाखो माणसं त्या एका निकालानं परकी ठरली.

चार वर्षांत यादवी युद्ध पेटलं. ते संपल्यावर गुलामगिरी गेली, पण गुलामगिरीतून सुटलेल्यांचा दर्जा काय, हा प्रश्न उरलाच. १८६६ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं नागरी हक्कांचा कायदा करून जन्मानं नागरिकत्व दिलं. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो नाकारला आणि काँग्रेसनं त्यांचा नकार ओलांडून तो मंजूर केला. पण साधा कायदा पुढची काँग्रेस साध्या बहुमतानं रद्द करू शकते, ही भीती होती. म्हणून तेच तत्त्व घटनेत नेऊन बसवलं गेलं, आणि ९ जुलै १८६८ रोजी चौदावी दुरुस्ती संमत झाली. माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली या घटनाक्रमात आहे. कोण नागरिक आणि कोण नाही, हा निर्णय न्यायाधीशांच्या, अध्यक्षांच्या आणि बदलत्या बहुमताच्या हातून जाणीवपूर्वक काढून घेण्यात आला. आपल्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे त्या पिढीला रक्त सांडून कळलं होतं.

ही दुरुस्ती फक्त गुलामांच्या मुलांसाठी होती, स्थलांतरितांचा विचार तेव्हा कुणाच्या मनातही नव्हता, असं आज सांगितलं जातं. सिनेटमधली ३० मे १८६६ ची चर्चा वेगळं सांगते. मिशिगनचे सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी मसुद्यात हे शब्द मांडले तेव्हा पेनसिल्व्हेनियाचे एडगर कोवन यांनी हरकत घेतली. यामुळं चिनी लोकांची आणि भटक्या जिप्सींची मुलंही नागरिक ठरतील, मग कॅलिफोर्नियावर उद्या चिनी माणसांचे लोंढे आले तर काय, असा त्यांचा सूर होता. उत्तर कॅलिफोर्नियाच्याच जॉन कॉनेस यांनी दिलं. हो, चिनी आईवडिलांची इथं जन्मलेली मुलं नागरिक ठरतील, आणि ते मला मान्य आहे, असं ते म्हणाले. कॉनेस स्वतः आयर्लंडमध्ये जन्मलेले. हे उत्तर त्यांच्या राजकारणाला सोयीचं नव्हतं, कारण कॅलिफोर्नियात चिनी मजुरांविरुद्धचा राग तेव्हाच तापू लागला होता.

तो राग १८८२ मध्ये कायदा होऊन पुढं आला. चिनी मजुरांना अमेरिकेची दारं बंद झाली, आणि जे आधीच आत होते त्यांना कधीही नागरिक होता येणार नाही असं ठरलं. अशा आईवडिलांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १८७३ साली वाँग किम आर्क जन्मला होता. मोठेपणी तो स्वयंपाकी झाला. आईवडील चीनला परतले, तो मात्र राहिला. १८९० मध्ये तो चीनला जाऊन आला तेव्हा इथं जन्मलेला नागरिक म्हणून त्याला विनातक्रार आत घेतलं गेलं. पुढच्या खेपेला, ऑगस्ट १८९५ मध्ये, ‘कॉप्टिक’ नावाच्या आगबोटीतून तो परतला, तर बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्यानं त्याला उतरूच दिलं नाही. जन्म इथला असला तरी आईवडील चिनी सम्राटाची प्रजा आहेत, म्हणून हाही त्यांचाच, असं त्याचं म्हणणं. वाँग काही महिने बंदरातल्या बोटींवर अडकून पडला. आपलं घर ज्या शहरात आहे ते शहर समोर, आणि पाय ठेवायला मनाई.

सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी समाजाच्या संघटनांनी वकील उभे केले. हेबियस कॉर्पसची याचिका झाली, खालच्या न्यायालयात वाँग जिंकला आणि सरकार अपिलात गेलं. २८ मार्च १८९८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला. न्यायमूर्ती होरेस ग्रे यांचा हा निकाल लांबलचक आहे आणि वाचण्यासारखा आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात, थेट १६०८ च्या कॅल्व्हिन खटल्यापासून, राजाच्या भूमीवर जन्मलेला तो राजाचा प्रजाजन हे तत्त्व चालत आलं होतं. अमेरिकेनं तेच उचललं आणि चौदाव्या दुरुस्तीनं ते पक्कं केलं, असं ग्रे यांनी दाखवलं. आणखी एक मुद्दा त्यांनी मांडला आणि तो सरकारला फार अडचणीचा होता: परदेशी नागरिकांची मुलं या वाक्याबाहेर ठेवायची म्हटलं, तर इंग्लिश, स्कॉटिश, आयरिश, जर्मन आईवडिलांच्या ज्या हजारो मुलांना आपण आजवर निःशंकपणे नागरिक मानत आलो, त्यांचंही नागरिकत्व जाईल.

ज्या दोन न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं त्यांत जॉन मार्शल हार्लन होते. दोनच वर्षं आधी, १८९६ च्या प्लेसी खटल्यात, काळ्यांसाठी रेल्वेत वेगळे डबे ठेवणाऱ्या कायद्याविरुद्ध एकट्यानं उभे राहिलेले हेच हार्लन. मोठी माणसंसुद्धा आपल्या काळाच्या सगळ्या भिंती ओलांडत नाहीत, आणि म्हणून हक्क माणसांच्या चांगुलपणावर सोडता येत नाहीत. निकालानंतरही वाँगच्या मागचा ससेमिरा सुटला नाही. १९०१ मध्ये टेक्सासमधल्या एल पासो इथं त्याला चिनी म्हणून पुन्हा पकडण्यात आलं, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ज्याला नागरिक ठरवलं होतं त्याला ते पुन्हा सिद्ध करावं लागलं.

आता त्या मधल्या शब्दांकडे येऊ. ‘अधिकारक्षेत्राच्या अधीन’ म्हणजे काय? आजच्या सरकारचा सगळा युक्तिवाद त्यांवर उभा आहे. वाँगच्या निकालानं त्याचा अर्थ अगदी जमिनीवरचा लावला: अमेरिकेचा कायदा ज्याला लागू होतो तो अधीन. परदेशी राजदूताला तिथं अटक करता येत नाही, त्याच्यावर खटला चालत नाही. त्याचं मूल अपवाद. चाल करून आलेल्या शत्रुसैन्यानं बळकावलेल्या भागात त्या सैनिकांना झालेलं मूल अपवाद. आणि मूलनिवासी टोळ्या, कारण त्यांना तेव्हा स्वतंत्र राष्ट्रांसारखा दर्जा होता. या शेवटच्या अपवादानं मोठा अन्याय केला. जॉन एल्क हा विनेबेगो जमातीत जन्मलेला माणूस टोळी सोडून ओमाहा शहरात राहायला आला आणि मतदार म्हणून नाव नोंदवायला गेला, तर १८८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला नागरिक नाही म्हटलं. या भूमीचे मूळ रहिवासी सरसकट नागरिक झाले ते १९२४ च्या कायद्यानं.

एच-वन-बीवरच्या अभियंत्याला मात्र यांतला कुठलाच अपवाद लागू होत नाही. सिग्नल तोडला तर त्याला दंड होतो, कर चुकवला तर खटला होतो. बेकायदा राहणाऱ्यालाही अटक होते, शिक्षा होते. १९८२ च्या प्लायलर खटल्यात टेक्सास राज्यानं कागदपत्रं नसलेल्या मुलांना सरकारी शाळेतून वगळू पाहिलं, तेव्हाही ही मुलं राज्याच्या अधिकारक्षेत्रातच आहेत असं न्यायालयानं म्हटलं, आणि कायदेशीर आलेल्यांत व बेकायदा आलेल्यांत या बाबतीत फरक करायला आधार दिसत नाही अशी नोंदही केली.

सरकारची बाजू याहून बारकाईनं मांडली जाते आणि ती नीट ऐकली पाहिजे. वाँगचे आईवडील अमेरिकेत कायमचे स्थायिक होते, निकालात त्यांच्या अधिवासाचा उल्लेख पुन:पुन्हा येतो; म्हणून हा निकाल फक्त स्थायिकांच्या मुलांपुरता आहे, असं सरकार म्हणतं. जोडीला एक वैचारिक भूमिकाही आहे. नागरिकत्व हा समाज आणि व्यक्ती यांच्यातला परस्परसंमतीचा करार आहे, ज्याला समाजानं आत घेतलेलंच नाही त्याच्या मुलाला ते आपोआप कसं मिळेल, असा प्रश्न पीटर शुक आणि रॉजर्स स्मिथ या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्येच विचारला होता. केवळ बाळंतपणासाठी पर्यटक म्हणून जाणाऱ्यांचा प्रश्नही खरा आहे. त्यासाठी जानेवारी २०२० मध्ये व्हिसाचे नियम कडक केले गेले. जन्मावरून नागरिकत्व हा नियम ब्रिटननं १९८३ पासून, ऑस्ट्रेलियानं १९८६ पासून आणि आयर्लंडनं २००४ च्या सार्वमतानंतर सोडला, हेही खरं.

पण त्या देशांनी ते संसदेतून किंवा जनतेला विचारून केलं. एका अध्यक्षाच्या सहीनं केलं नाही. अमेरिकेत तर घटनेबरोबर कायद्याचाही अडसर आहे: काँग्रेसनं १९४० आणि १९५२ च्या नागरिकत्वविषयक कायद्यांत दुरुस्तीचे तेच शब्द उतरवले, तेव्हा वाँगचा निकाल आणि त्याचा प्रचलित अर्थ सर्वांना ठाऊक होता. अधिवासाच्या मुद्द्यावरही इतिहास सरकारच्या बाजूचा नाही. चौदाव्या दुरुस्तीच्याही आधी, १८४४ मध्ये, न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढं ज्यूलिया लिंच नावाच्या बाईंचा खटला आला होता. आयरिश आईवडील काही काळापुरते न्यूयॉर्कला आले असताना त्यांचा जन्म झाला आणि थोड्याच दिवसांत कुटुंब आयर्लंडला परतलं. प्रश्न वारसाहक्काचा होता. न्यायालयानं त्यांना अमेरिकेची नागरिक ठरवलं. तात्पुरता मुक्काम हा शब्द त्या काळीही अनोळखी नव्हता, आणि तो आड आला नव्हता.

जन्मानं मिळालेलं आणि सरकारनं दिलेलं नागरिकत्व यांत किती अंतर असतं, ते भारतीयांनी सोसून पाहिलं आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा केलेले भगतसिंग थिंद यांना नागरिकत्व मिळालं होतं. पण तेव्हाच्या कायद्यानं ते गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच घेता येई. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं थिंद ‘गोरे’ नाहीत असा निकाल दिला आणि त्यानंतर इतरही अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं. कॅलिफोर्नियात नागरिक होऊ न शकणाऱ्यांना शेतजमीन घ्यायलाही बंदी होती. तेव्हा तिथल्या काही पंजाबी शेतकऱ्यांनी जमिनी आपल्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या नावे केल्या. बापाचं नागरिकत्व न्यायालय नाकारत होतं, मुलांचं नाकारू शकत नव्हतं, कारण वाँगचा निकाल उभा होता. भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली ती १९४६ मध्ये.

२०२५ च्या आदेशाचं न्यायालयात जे झालं, त्यात एक वळण अनपेक्षित होतं. तीनच दिवसांनी, २३ जानेवारीला, सिएटलचे न्यायाधीश जॉन कॉगनॉर यांनी तो उघडउघड घटनाबाह्य म्हणत थांबवला. त्यांची नेमणूक ट्रम्प यांच्याच पक्षाचे अध्यक्ष रेगन यांनी केलेली होती, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे. मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्समधूनही देशभर लागू होणारे मनाई हुकूम निघाले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण आदेश घटनेत बसतो का हे त्यानं विचारलंच नाही. एका जिल्हा न्यायालयाला अख्ख्या देशासाठी मनाई करता येते का, एवढंच विचारलं. २७ जून २०२५ रोजी न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी सहा विरुद्ध तीन अशा बहुमताचा निकाल दिला: दाद मागणाऱ्याला पूर्ण न्याय मिळण्यासाठी लागेल त्यापेक्षा व्यापक मनाई करण्याचा अधिकार १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्यानं बहुधा दिलेला नाही.

या निकालात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. दोन्ही पक्षांची सरकारं एखाद्या अनुकूल न्यायाधीशाच्या देशव्यापी हुकमानं अडली आहेत. पण हे तत्त्व ठरवण्यासाठी हाच खटला निवडला जावा, याचं दुःख आहे. नागरिकत्व हे राज्यागणिक बदलणारं असूच शकत नाही, म्हणून तर दुरुस्ती झाली. न्यूजर्सीतलं बाळ नागरिक आणि टेक्सासमधलं नाही, अशी शक्यता काही दिवस खरोखर निर्माण झाली होती. ती लवकर मिटली, कारण निकालानं प्रातिनिधिक दाव्याची वाट मोकळी ठेवली होती. १० जुलैला न्यू हॅम्पशरचे न्यायाधीश जोसेफ लाप्लांट यांनी आदेशामुळं बाधित होणाऱ्या देशभरातल्या सगळ्या बाळांचा एक वर्ग मानून त्यांच्या वतीनं मनाई दिली. पुढं ५ डिसेंबर २०२५ रोजी मूळ प्रश्नच सर्वोच्च न्यायालयानं सुनावणीला घेतला.

या वादात एक गोष्ट कमी बोलली जाते. अमेरिकेत वर्षाला सुमारे ३६ लाख बाळं जन्मतात. रुग्णालयातून जन्माची नोंद राज्याकडे जाते, दाखला निघतो, आणि तो दाखला हाच नागरिकत्वाचा पुरावा असतो. आईवडिलांचा दर्जा हा निकष झाला की दाखला पुरेसा राहणार नाही. मग स्वतः नागरिक असलेल्या जोडप्यालाही आपले कागद घेऊन ते सिद्ध करावं लागेल, आणि नाव, रंग, उच्चार यांवरून कुणाची झडती जास्त होईल हे सांगायला नको.

भारतानंही ही वाट चालून पाहिली आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात भारतात जन्म झाला की सहसा नागरिकत्व होतं. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक जण भारतीय हवा असं झालं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा ही अटही आली. परदेशात जन्मलेल्या बाळाला भारतीय नागरिकत्व हवं तर वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. अमेरिकेत बाळ होऊ घातलेल्या आपल्या कुटुंबांनी ही तरतूद माहीत करून घेणं गरजेचं आहे.

एच-वन-बी मंजुऱ्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा भारतीयांचा आहे. व्हिसा सहा वर्षांचा, पण ग्रीन कार्डचा अर्ज रांगेत असेल तर वाढत जातो. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं, कुटुंबीय धरून. त्यात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. त्यामुळं भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. माणूस वीस वर्षं ‘तात्पुरता’ राहतो, घर घेतो, मुलांच्या शाळेच्या समितीत काम करतो. अशा एका घरात पुण्यात जन्मून तिसऱ्या वर्षी आलेली थोरली मुलगी आणि न्यूजर्सीतल्या एडिसनला जन्मलेला धाकटा मुलगा असतो. एकवीस वर्षं पूर्ण झाली की थोरलीचं नाव आईबापांच्या अर्जातून गळू शकतं. मग विद्यार्थी व्हिसा शोधा, नाहीतर जिथली भाषा, मित्र, सगळं सुटलं आहे त्या देशात परत जा. धाकट्याला ही चिंता नाही. २०२५ चा आदेश पुढच्या धाकट्यांना थोरलीच्या रांगेत नेऊन उभं करतो. थोरलीसारख्या मुलांना संरक्षण देणारं विधेयक २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी मिळून मांडलं होतं. काँग्रेसनं खरं तर ते हाती घ्यायला हवं होतं.